जवस: वऱ्हाडच्या ताटातून उठलेले तेल

मागच्या हिवाळ्यात अब्बांच्या रक्तदाबाची गोळी वाढली. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या तळाशी आणखी एक ओळ लिहिली होती: 'फ्लॅक्स सीड, रोज एक चमचा, दळून.' मी यवतमाळातल्या एका औषधाच्या दुकानातून पाव किलोचे चकचकीत पाकीट घेऊन आलो. दादी बाजेवर बसली होती. तिने पाकीट फोडले, चार दाणे तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळले आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "ये कायकी दवाई? ये तो अपना जवस है. दुकान से कायको लाया?"

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र मला दीडशे-पावणेदोनशे वर्षे मागे घेऊन गेले.

दादीचे माहेर दारव्ह्याकडचे. घरची थोडी काळी जमीन, बाकी मजुरी. त्या घरात तूप पाहुण्याला, गोडेतेल सणाला आणि रोजच्या भाकरीला जवस. जवस तव्यावर भाजायचा, तडतडून फुटू लागला की उतरवायचा, लाल मिरची, लसूण आणि मीठ घालून उखळात कुटायचा. ताटात ज्वारीची भाकर, त्यावर ही चटणी आणि चटणीत मधोमध खळगा करून घाणीवरचे कच्चे जवसाचे तेल. अंबाडीच्या भाजीवर, झुणक्यावर, ठेच्यावर हेच तेल वरून घेत. रमजानमध्ये सहरीला पहाटे चूल पेटवायचा कंटाळा आला की रात्रीची भाकर, जवसाची चटणी आणि ताक. दादी म्हणते, त्यावर रोजा चांगला जायचा. त्यामागे चिकट तंतू आणि स्निग्ध पदार्थ आहेत हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. पोट सांगत होते.

हे खाणे काही मुसलमानांचे वेगळे नव्हते. कुणबी, तेली, माळी, बौद्ध, कोलाम, गोंड अशा वऱ्हाडातल्या सगळ्याच कष्टकऱ्यांच्या घरी जवस होता. आमच्याकडे त्याला अलसीही म्हणत. पश्चिम महाराष्ट्रात अळशी म्हणतात. मूळ संस्कृत अतसी. एक गोंधळ इथेच दूर करून टाकतो, कारण शिकलेली माणसेही तो करतात. अळशी वेगळी आणि अळीव वेगळे. बाळंतिणीच्या लाडवातले तांबूस, बारीक दाणे अळिवाचे. हकीम त्याला हालीम म्हणतात. जवसाचा दाणा चपटा, गुळगुळीत आणि तपकिरी.

आमच्या घरात जवसाचे दुसरे स्थान होते ते हकिमाच्या पुडीत. छातीत कफ दाटला की लऊके-कतान चाटायला मिळे. गळू पिकत नसेल तर जवस वाटून, गरम करून त्याचे पोटीस बांधत. कतान म्हणजे जवसाचेच झाड. अरबीत त्याला कत्तान आणि त्याच्या बीला बज्रुल-कत्तान म्हणतात. युनानी हकीम तुख्मे-कतान. इब्न सीना (मृत्यू 1037) यांच्या 'अल-कानून'मधल्या औषधींच्या यादीत हे बी आहे. देवनागरीत लिहिताना इथे एक गंमत होते. कापसाला अरबीत कुत्न आणि कापूस विकणाऱ्यालाही कत्तानच म्हणतात, पण तो दुसऱ्या 'क'चा. दुसऱ्या हिजरी शतकातले थोर हदीसविद्वान यहया इब्न सईद अल-कत्तान यांच्या नावातला कत्तान कापसाचा आहे, जवसाचा नाही. आमच्या जिल्ह्यात तरी या दोन शब्दांची गाठ पुढे चांगलीच पडली. कापूस आला आणि जवस हटला.

अरब जगात आणि युरोपात जवस लावत तो मुख्यतः धाग्यासाठी. त्या धाग्याचे कापड म्हणजे लिनन. अकराव्या शतकात इजिप्तमधून जवसाच्या धाग्याच्या गासड्या ट्युनिशिया आणि सिसिलीकडे जात. जुन्या कैरोतल्या सिनेगॉगमध्ये सापडलेल्या गेनिझा कागदपत्रांत या व्यापाराची पत्रेच्या पत्रे आहेत. आपल्याकडे धागा कापसाचा होता, म्हणून जवसाकडून आपण बी मागितले. आपले झाड बुटके, फांद्या फुटणारे, भरपूर बोंडे धरणारे. युरोपातले धाग्याचे झाड उंच आणि सरळ. अबुल फजलच्या 'आईने अकबरी'त रब्बी पिकांच्या महसुलाच्या दरतक्त्यांत जवस आहे. ते दर उत्तरेकडच्या सुभ्यांचे. त्याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात आपल्या कळंबचे नाव एका सरकारचे ठाणे म्हणून येते आणि यवतमाळचे 'योत-लोहारा' म्हणून. यवतमाळजवळचे लोहारा आजही त्याच नावाने ओळखले जाते.

आता एकोणिसाव्या शतकाकडे येतो, कारण दादीच्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथे सुरू होते.

1853 च्या मे महिन्यात निजामाने कर्जापोटी वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला. त्याच वर्षाच्या शेवटी क्रिमियाचे युद्ध पेटले आणि पुढच्या वर्षी ब्रिटन त्यात उतरले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, पण परिणाम एकाच दाण्यावर झाला. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणारा जवस तोवर मोठ्या प्रमाणावर रशियातून येई. युद्धाने ती वाट अडली आणि व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली.

ब्रिटनला जवस कशाला हवा होता? खायला नाही. रंगाला, वार्निशला, छपाईच्या शाईला, खिडकीच्या काचा बसवायच्या लांबीला. 1860 च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजाने घट्ट केलेल्या जवसाच्या तेलात बुचाचा भुसा मिसळून जमिनीवर अंथरायचे कापड तयार केले. त्याचे नाव लिनोलियम, लॅटिनमधल्या जवस आणि तेल या दोन शब्दांवरून. पुढे जगभरातल्या दवाखान्यांत आणि कचेऱ्यांत हेच अंथरले गेले. आपल्याकडचे रंगारी आणि सुतार ज्याला बेलतेल म्हणतात आणि पोरे ज्यात क्रिकेटची नवी बॅट मुरवतात, तेही हेच तेल.

तिळाचे किंवा शेंगदाण्याचे तेल फळीला लावले तर ती चिकटच राहते. जवसाचे लावले तर चार दिवसांत वाळून कडक पापुद्रा धरते. कारण या तेलात निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो आणि ते हवेतल्या प्राणवायूला चटकन पकडते. आज आहारतज्ज्ञ ज्याला वनस्पतीतले ओमेगा-3 म्हणतात, ते हेच आम्ल. म्हणजे लंडनच्या रंगवाल्याने ज्या गुणासाठी आपला जवस उचलला, त्याच गुणासाठी आज डॉक्टर तो चिठ्ठीवर लिहितात. या गुणाला एक दुसरी बाजूही आहे, खाणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची. तिच्याकडे पुढे येतो.

1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातला माल मुंबईच्या बंदरावरून युरोपात काही आठवड्यांत पोहोचू लागला. जवस हे रोख पैसा देणारे रब्बी पीक बनले. शेतकऱ्याच्या घरात जो दाणा चटणीसाठी राखला जाई, तो सावकाराचा हप्ता आणि सरकारचा सारा भरण्यासाठी बाजारात जाऊ लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अर्जेंटिनाने या व्यापारात हिंदुस्थानला मागे टाकले. पुढे कृत्रिम रंग आले, प्लास्टिकच्या फरश्या आल्या आणि बाहेरची मागणीही ओसरली.

आमच्या जिल्ह्यात मात्र त्याआधीच कापसाने बाजी मारली होती. आजचा यवतमाळ जिल्हा 1864 मध्ये वेगळा झाला, तेव्हा त्याचे नाव आग्नेय वऱ्हाड होते. मग वणीवरून 'वून' आणि 1905 पासून यवतमाळ. तो जन्मला नेमका अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या (1861-65) काळात, जेव्हा मँचेस्टरला अमेरिकन कापूस मिळेनासा झाला होता आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीवर साऱ्या जगाचा डोळा होता. मूर्तिजापूर-यवतमाळची अरुंद रुळांची शकुंतला 1903 मध्ये धावू लागली ती मुख्यतः कापसाच्या गाठी वाहून नेण्यासाठी. इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' या पुस्तकात कापसाच्या या भरभराटीने वऱ्हाडचे अन्न कसे खाल्ले हे तपशिलाने दाखवले आहे. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळात हीच कापसाची समृद्ध भूमी माणसे गमावत होती. सत्या यांचा भर ज्वारी, चराई आणि जंगलावर आहे. मला त्यात तेलाची एक ओळ जोडावीशी वाटते. पऱ्हाटी वावरात उभी असते ती वेचणी संपेपर्यंत, म्हणजे हिवाळाभर. जवस पेरायचा असतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जमिनीत ओल असताना. ज्या कोरडवाहू तुकड्यावर पऱ्हाटी, त्यावर त्या वर्षी जवस नाही. मग जवस सरकला हरभऱ्यातल्या चार तासांत किंवा धुऱ्याच्या कडेला. धुऱ्याला तो टिकला त्याचे एक कारण जुनी माणसे सांगतात, की जनावर त्याला सहसा तोंड लावत नाही.

तरीही ताटातला जवस संपला नव्हता, कारण घाणी चालू होती. घाणीचा बैल डोळ्याला झापड बांधून फिरायचा आणि गावाला आठवड्याचे तेल मिळायचे. ढेप गुरांना. 1934 च्या शेवटी गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन केला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली त्याचे काम चाले. तिथे ज्या गोष्टींवर मेहनत घेतली गेली त्यात बैलाची घाणी होती. कमी श्रमात जास्त तेल काढणारी सुधारलेली 'वर्धा घाणी' तिथलीच. वर्धा आमच्या शेजारचा जिल्हा, मध्ये फक्त नदी. अन्नाचे इतिहासकार के. टी. अचया यांनी 1993 मध्ये घाणीवर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. तेलाच्या यंत्रावर एवढे प्रेमाने लिहिलेले दुसरे पुस्तक मी वाचलेले नाही.

पण 1937 मध्ये डालडा बाजारात आला होता. मग गिरणीचे शेंगदाणा तेल, मग रेशनचे पामतेल, मग सोयाबीनचे रिफाइंड. दादी सांगते की लग्नानंतर सासरी आली तेव्हा डालड्याचा डबा घरात असणे इभ्रतीचे होते. जवसाचे तेल म्हणजे गरिबाचे, वासाचे. पाहुणे आले की ती बरणी मागे सरकवत. जवस ताटातून उठला त्यात बाजाराइतकाच या लाजेचाही हात आहे.

सरकारी दप्तराने त्यावर शिक्का मारला. 1986 मध्ये तेलबियांसाठी तंत्रज्ञान अभियान सुरू झाले. देशाच्या प्रमुख नऊ तेलबियांची जी वर्गवारी शेतीखाते वापरते तिच्यात सात खाद्य आणि दोन अखाद्य आहेत. अखाद्य कोणत्या? एक एरंडी आणि दुसरा जवस. हो, अखाद्य. ज्याच्यावर आमच्या तीन पिढ्यांनी भाकर खाल्ली ते पीक कागदावर एरंडीच्या रांगेत उभे आहे. त्याच देशाच्या अन्नसुरक्षेच्या नियमांत मात्र जवसाचे तेल खाद्यतेल म्हणून नोंदलेले आहे! एका टेबलावर अखाद्य, दुसऱ्यावर खाद्य. ही नुसती शब्दांची गफलत नाही. रब्बीतल्या करडईला आणि मोहरीला किमान हमीभाव आहे, जवसाला नाही. ज्याला भावाची हमी नाही ते पीक कर्जात बुडालेला शेतकरी कशाला पेरेल? सोयाबीन, तूर, हरभरा आणि 2002 नंतरचा बीटी कापूस यांच्या दाटीत धुऱ्यावरचे निळे फूल दिसेनासे झाले. शेतकरी आत्महत्यांसाठी या जिल्ह्याचे नाव देशभर झाले. त्याच्या कारणांची चर्चा करताना वावरातून घरचे तेल कधी गेले हे कोणी विचारत नाही. शेतकऱ्याच्या घरात तेलाची पिशवी उधारीवर येते, हे आम्ही सगळे रोज पाहतो.

नागपूरच्या कृषी महाविद्यालयातले जवस संशोधन केंद्र मात्र काम करत राहिले. एनएल-97, पीकेव्ही एनएल-260 हे वाण अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली तिथूनच आले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने टीएल-99 नावाचा वाण काढला आहे. त्यात अल्फा-लिनोलेनिक आम्ल मुद्दाम अगदी कमी केले आहे, म्हणजे तेल टिकावे आणि तळायलाही चालावे. शास्त्रज्ञांची अडचण समजते. पण ज्यासाठी डॉक्टर जवस खा म्हणतात, तेच या वाणात काढून टाकलेले आहे, हे घेणाऱ्याला ठाऊक हवे.

आता आरोग्याचे. यावर मोबाइलवर जे फिरते ते वाचून भीती वाटते. जवसाने साखर जाते, गाठी विरघळतात, हृदयाच्या नळ्या उघडतात म्हणे. एक वाक्य गांधीजींच्या नावावर फिरते. त्याखाली ना तारीख असते ना अंकाचे नाव. आमच्या गटांत जवसाला तिब्बे-नबवीचे म्हणूनही पुढे पाठवतात. सहीह बुखारीतली जी प्रसिद्ध हदीस आहे ती काळ्या बियांची, म्हणजे कलौंजीची. तिला जवसाच्या पाकिटावर चिकटवू नये. धर्माचे नाव घेऊन माल खपवणे हा जुना धंदा आहे.

जे पक्के आहे तेही कमी नाही. 100 ग्रॅम जवसात साधारण 40 ग्रॅमच्या वर तेल, 27-28 ग्रॅम तंतू आणि 18-20 ग्रॅम प्रथिने असतात. लिग्नान नावाची द्रव्ये इतर धान्यांच्या मानाने खूपच जास्त. कॅनडातल्या विनिपेगमध्ये पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या 110 रुग्णांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला सहा महिने रोज 30 ग्रॅम दळलेला जवस दिला, दुसऱ्याला तसाच दिसणारा पण जवस नसलेला पदार्थ. शेवटी जवस खाणाऱ्यांचा वरचा रक्तदाब दुसऱ्या गटापेक्षा सुमारे 10 आणि खालचा सुमारे 7 अंकांनी कमी निघाला. हे मोठे आहे. पण हे रुग्ण आपली औषधेही घेतच होते, हे विसरू नये. वाईट कोलेस्टेरॉल थोडे उतरते आणि पोट साफ राहते, हेही बऱ्याच चाचण्यांत दिसले आहे. माशातल्या ओमेगा-3 ची बरोबरी जवस करत नाही, कारण शरीर जवसातल्या आम्लाचा थोडाच भाग तसा बदलू शकते. तरी समुद्रापासून इतक्या दूरच्या आमच्या मुलखात, जिथे मासा रोज ताटात येत नाही, हा थोडा भागही नाकारण्याजोगा नाही.

आणि इथेच त्या गुणाची दुसरी बाजू येते. जे तेल हवेत वाळून वार्निश होते ते बाटलीतही खवट होते. आमच्या जुन्या घरांना हे रसायन माहीत नव्हते, पण त्यांची रीत त्याला धरून होती. घाणीवरून तेल आणायचे ते आठवड्यापुरते. जवस साठवायचा अख्खा, कारण टरफल आतल्या तेलाला राखते. भाजून कुटायचे ते थोडे थोडे. भाजण्याने कच्च्या जवसातली सायनाइड तयार करणारी द्रव्येही कमी होतात. कुटण्याने दाणा फुटतो. अख्खा गिळलेला जवस बहुधा जसाच्या तसा बाहेर पडतो. तेल बहुतेक वरून घेत, कढईत तापवून तळत नसत. नागपूरच्या सावजी रश्शात जुन्या काळी हेच तेल पडे, तेव्हा सगळेच कच्चे खात होते असेही मी म्हणणार नाही. पण तीन महिन्यांपूर्वी दळून पाकिटात भरलेली पूड आणि दादीची शनिवारची चटणी यांत चटणी उजवी, यात मला शंका नाही.

प्रमाण एक ते दोन चमचे, सोबत पाणी भरपूर; नाहीतर तोच तंतू पोटात आवळून बसतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, गर्भारपण असेल किंवा आतड्याचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. चटणीतले मीठही बेताने. रक्तदाबासाठी जवस खायचा आणि त्यात मुठीने मीठ घालायचे, असे अब्बांनी पहिले पंधरा दिवस केले.

यंदा मोठ्या भावाने हरभऱ्यात जवसाची सहा तासे टाकली. बियाण्यासाठी त्याला तीन गावे विचारावे लागले. डिसेंबरात फुले आली तेव्हा शेजारच्या वावरातली पोरे ही कसली शोभेची झाडे म्हणून पाहायला आली. माल निघाला दोन डबे. शहरात आता विजेवर चालणारे लाकडी घाणे पुन्हा लागले आहेत, पण घाणेवाला म्हणाला, एवढ्याशा दाण्यासाठी घाणा लावणे परवडत नाही, आणखी दोघा-चौघांचा जवस आणा. दोघे मिळाले: एक तेलीपुऱ्यातले काका आणि एक घाटंजीकडची कोलाम बाई, जिच्या घरी जवस कधी बंदच झाला नव्हता.

तेल आले त्या संध्याकाळी दादीने भाकर कुस्करली, चटणीत खळगा केला आणि बोटाने चाखून पाहिले. "कटने से पहले बारिश लगी होगी," ती म्हणाली, "थोड़ा कड़वा है." मग सगळे खाल्ले. अब्बांची गोळी चालू आहे.